मोठी गाडी घेताना

मोठी गाडी दाराशी आली की घराची कळाच बदलते. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एकाच वाहनातून निघतात आणि जांबोटी-कणकुंबीच्या धुवाधार पावसातही मनाला धीर वाटतो. हा आनंद खराच आहे. परंतु अशा गाडीत आपण नेमके काय विकत घेतो, हा विचार पुष्कळ घरांत रंग आणि आसने यांच्या पलीकडे जात नाही, असे आम्हांस दिसते.

पहिली गोष्ट चाकांची. स्कॉर्पिओ-एन काय किंवा फॉर्च्युनर काय, एकाच नावाखाली दोन चाकांना जोर देणारी आणि चारही चाकांना जोर देणारी, अशा दोन्ही तऱ्हेच्या गाड्या मिळतात. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. शेतातल्या चिखलात मात्र स्वभाव निराळे. ज्यांची वाट खरोखरच अवघड आहे, त्यांनी चारही चाकांची गाडी 'लो रेंज'सह घ्यावी. या सोयीने चाकांची गती घटते आणि जोर वाढतो. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपलाही ती होती. वर्षातून एखाद्या वेळीच कच्च्या रस्त्याला लागणाऱ्या कुटुंबाला मात्र चांगले टायर आणि जमिनीपासून पुरेशी उंची बहुधा पुरते.

दुसरी गोष्ट ओझ्याची, आणि आमच्या मते हीच अधिक मोलाची. प्रत्येक गाडीला भार वाहण्याची मर्यादा असते. समजा, ती ६५० किलो आहे. सरासरी ६० किलोंची सात माणसे म्हणजे ४२० किलो; सामान १३० किलो. मागे १००० किलोंचा ट्रेलर जोडला, तर त्याच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे १०० किलो, गाडीच्या हुकावर टेकतो. बेरीज झाली ६५०! टपावर एक वळकटीही ठेवायला जागा उरली नाही. शिवाय टपावरचे ओझे वळणावर गाडीचा तोल बिघडवते, ते वेगळेच.

ओढणे हे इंजिनाचे काम. थांबवणे हे ब्रेकचे. चोर्ला घाट उतरताना मागचा ट्रेलर गाडीला पुढे ढकलत असतो. म्हणूनच ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असताना किती वजन ओढता येते आणि नसताना किती, हे दोन्ही आकडे गाडीच्या पुस्तिकेत पाहावेत. ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र करावी लागते, हेही विसरू नये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोठ्या गाड्यांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. राज्याचा कर त्याहून निराळा. एवढी पुंजी खर्च करताना वाचकांनी विक्रेत्याला एकच प्रश्न आवर्जून विचारावा : "सारे घर आत बसल्यावर ही गाडी आणखी किती भार सोसेल?" उत्तर किलोंत मिळेपर्यंत बयाणा देण्याची घाई करू नये. कारण त्या आकड्यावर आपलीच माणसे बसणार आहेत.