स्विचला दुसरी वीज (लेखांक 6)

मागच्या लेखात आपण नेटवर्कच्या कोअर स्विचला दोन अपलिंक का द्यायचे ते पाहिलं. पण केबल क्वचित तुटते, लाइन मात्र वऱ्हाडात कधीही जाते. पारसच्या वीज केंद्राचे 250 मेगावॅटचे दोन संच अकोला जिल्ह्यातच आहेत. त्या शेजाराचा इथे उपयोग नाही, कारण खंड बहुधा शेवटच्या टप्प्यात पडतो: 11 केव्हीचा फीडर, डीपी, आवारातला एमसीबी. म्हणून विक्रेता ‘ड्युअल पॉवर सप्लाय आहे’ असं सांगतो तेव्हा विचारायचं ते एवढंच, की हे दोन सप्लाय जोडणार कुठे?

रॅकमागे डोकावलं तर अनेकदा दोन्ही केबल एकाच एक्स्टेंशन बोर्डात आणि बोर्ड एकाच यूपीएसवर दिसतो. यात एक सप्लाय जळाला तर निभावतं. यूपीएस बसला किंवा एमसीबी पडला, की दोन्ही एकदम बंद. दुसऱ्या सप्लायचे पैसे जवळजवळ पाण्यात गेले. त्यापेक्षा एक केबल यूपीएसवर आणि दुसरी वेगळ्या एमसीबीमार्गे थेट मेन्सवर द्यावी. लाइन गेली तर यूपीएस सांभाळतो, यूपीएस गेला तर लाइन. खर्च एका वायरिंगचा. यावर इलेक्ट्रिशियनचा आक्षेप रास्त आहे: थेट मेन्सवर व्होल्टेजचा भरवसा काय? स्विचचा सप्लाय साधारण 100 ते 240 व्होल्ट घेतो, त्यामुळे कमी व्होल्टेजची फारशी चिंता नाही. भीती वरच्या टोकाची. न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजवर 400 व्होल्टच्या आसपास येऊ शकतात. म्हणून त्या वाटेवर सर्ज प्रोटेक्टर आणि हाय-व्होल्टेज कट-ऑफ दोन्ही हवेत. एवढं करूनही तो सप्लाय जळालाच, तरी दुसरा चालू असतो, आणि हॉट-स्वॅप असेल तर स्विच बंद न करता जळका बदलता येतो.

‘आमच्याकडे जनरेटर आहे’ हे दुसरं उत्तर. जनरेटर लोड घेईपर्यंत काही सेकंद जातात. स्विचचा सप्लाय मात्र वीज गेल्यावर जेमतेम 15-20 मिलिसेकंद तग धरतो. मग स्विच पुन्हा बूट होणार, त्यात काही मिनिटं, आणि त्यानंतर त्याच्यावरचे कॅमेरे व फोन. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये 48 व्होल्टची बॅटरी कायम जोडलेली असे, त्यामुळे घरात अंधार असला तरी फोन चालायचा. पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच उपकरणाला वीज, आल्यापासून ती जबाबदारी स्विचवर आली आहे. 24 पोर्टवर प्रत्येकी 15.4 वॅट धरले तरी नुसत्या पीओईचे 370 वॅट होतात. दोन सप्लाय मिळून हा भार उचलत असतील आणि त्यातला एक गेला, तर स्विच काही पोर्टची वीज तोडतो. भार एकट्याला पेलला पाहिजे. खरेदीआधी हा हिशेब मांडावा. एकच केबल असलेल्या स्विचसाठी दोन वाटांमध्ये बदल करणारा एटीएस मिळतो, चांगला असेल तर तो 10 मिलिसेकंदांच्या आसपास बदल करतो.

खर्चाचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. मजल्यामजल्यावरच्या लहान स्विचना दोन सप्लाय कशाला? कोअरला द्यावेत, बाकीच्यांना लहान यूपीएस पुरे. पण उरलेले पैसे बॅटरीवरच घालावेत. लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांवर मोजलेलं असतं आणि ढोबळमानाने त्यावरच्या दर 10 अंशांना ते निम्म्यावर येतं. मे 2024 मध्ये अकोल्यात उष्णतेमुळे कलम 144 लावावं लागलं होतं. जिन्याखालच्या बंद खोलीतल्या बॅटरीला त्या उष्णतेतून सुटका नसते. अमरावती असो की अकोला, दरवर्षी मार्चमध्ये कामाची वेळ टाळून यूपीएसचा इनपुट बंद करावा आणि स्विच किती मिनिटं तगतो ते घड्याळ लावून पाहावं. वाद मिटवायला तो आकडा पुरेसा आहे. पुढच्या लेखांकात अर्थिंग.