शहरातील शेती, भुकेल्यांचे ताट आणि स्वयंसेवकांचा हिशेब

रमजानच्या पहिल्या आठवड्यात सामुदायिक इफ्तारीच्या दस्तरखानावर वाढणाऱ्यांची गर्दी असते. विसाव्या रोजापर्यंत चार-पाच मंडळी उरतात, आणि भांडी घासायला तर त्यातले दोघेच. पहिल्या दिवशी आलेल्यांची नियत खोटी होती असे कोणी म्हणणार नाही. त्यांना नेमके काम कोणी सांगितले नाही, उद्याची वेळ ठरवून दिली नाही, म्हणून ते जसे आले तसे गेले. आपल्या वस्त्यांत खिदमतीची कमतरता नाही. कमतरता आहे ती खिदमतीच्या बंदोबस्ताची.

व्यापार-उद्योगाच्या पानावर हा विषय कशासाठी, असे वाचक विचारतील. दुकानदार माल, भाडे आणि मजुरी यांचा हिशेब रोज ठेवतो. मजुरी फुकट मिळाली की मात्र तिचा हिशेब ठेवावा असे कोणालाच वाटत नाही. आमचे म्हणणे असे की फुकट मिळालेल्या मजुरीचा हिशेब विकतच्या मजुरीपेक्षा जास्त काटेकोर ठेवावा लागतो. हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील डेट्रॉईट शहराकडे पाहू. भुकेल्यांसाठी शहरातच भाजीपाला पिकवण्याचा अनुभव या शहराला सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा आहे.

जोडे बनवणारा महापौर

डेट्रॉईट हे मोटारींचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. पण मोटारींचे कारखाने येण्यापूर्वीच, १८९३ च्या आर्थिक मंदीत, तेथे हजारो लोक बेकार झाले. त्यावेळचे महापौर हेझन पिंग्री हे मूळचे जोड्यांचे कारखानदार. शहरात कितीतरी जमीन पडीक होती आणि मालक भाव चढण्याची वाट पाहत होते. पिंग्री यांनी १८९४ मध्ये ही जमीन तात्पुरती मागून घेतली आणि बेकार कुटुंबांना बटाटे व भाजीपाला लावण्यासाठी वाटून दिली. पैसा कमी पडला तेव्हा त्यांनी आपला घोडा लिलावात काढला. टवाळी करणाऱ्यांनी त्यांच्या नावाला बटाटे चिकटवले. पण त्या वर्षी सुमारे ४३० एकरांवर ९४५ कुटुंबांनी पीक काढले. खर्च सुमारे ३,६०० डॉलर झाला आणि मालाची किंमत १२ हजार डॉलरच्या वर गेली. पुढे इतर शहरांनीही ही योजना उचलली.

या यशाचे कारण नुसत्या दयेत शोधू नये. कामाची सूत्रे लष्करातील कप्तान कॉर्नेलियस गार्डनर यांच्या समितीकडे होती. जमीन आधी नांगरून, खुंट्या ठोकून, पाव ते अर्ध्या एकराचे तुकडे पाडले गेले आणि मगच कुटुंबांना दिले गेले. कोणता तुकडा कोणाचा, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. आणि महत्त्वाचे म्हणजे, ज्याच्या घरात भूक होती त्याच्याच हातात कुदळ होती.

लंगरच्या शेजारी शेत

पुढे मोटारींच्या कारखान्यांमुळे शहर फुगले आणि कारखाने हलल्यावर ओसरले. १९५० मध्ये लोकवस्ती साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये ती सुमारे ६ लाख ४० हजार उरली. २०१३ मध्ये तर शहराच्या पालिकेनेच दिवाळे जाहीर केले. घरे पाडली गेली आणि मोकळ्या भूखंडांवर गवत वाढले.

या शहरात कॅपुचिन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी १९२९ मध्ये, महामंदीच्या तोंडावर, मोफत जेवणाचे ‘सूप किचन’ सुरू केले. दर्ग्याच्या लंगरशी त्याची तुलना करता येईल. १९९७ मध्ये या साधूंपैकी ब्रदर रिक सॅमिन यांनी किचनच्या परिसरात छोटीशी भाजीची बाग लावली. तिचे पुढे ‘अर्थवर्क्स’ नावाचे शेत झाले. जवळपासच्या रिकाम्या भूखंडांवर ते पसरत गेले. तेथील भाजी किचनच्या पातेल्यात जाऊ लागली आणि तेथे तयार झालेली रोपे शहरातील इतर बागांना मिळू लागली. खुरपणी, पेरणी, तोडणी ही कामे मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांनी केली.

पंधरा तास कोठे गेले?

अशा शेतावर शनिवारी सकाळी वीस माणसे तीन तासांसाठी आली असे समजू. कागदावर साठ तासांचे काम मिळाले. पण खुरपी कोठे आहेत, कोणत्या वाफ्यात काय लावले आहे, पाणी कोण देणार, हे विचारण्यात पहिला पाऊण तास गेला, तर वीस जणांचे मिळून पंधरा तास वाया गेले. म्हणजे दोन मजुरांचा पुरता दिवस. दुकानात रोज इतका माल उंदरांनी खाल्ला तर मालक स्वस्थ बसेल काय?

शिवाय भाजीला शनिवार-रविवार कळत नाही. मिशिगन राज्यात मेच्या मध्यापर्यंत दव गोठून रोपे करपण्याची भीती असते. त्यामुळे टोमॅटो-मिरचीची उघड्यावरची लागवड त्यानंतरच होते आणि ऑक्टोबरात पुन्हा थंडी गाठते. सारा हंगाम जेमतेम पाच महिन्यांचा. वसंतात हौशी मंडळी झुंडीने येतात. ऑगस्टमध्ये तोडणीचा भर असतो तेव्हा ती सुटीवर असतात. मंगळवारी पाणी चुकले तर शनिवारी आलेले वीस जण काहीही करू शकत नाहीत.

नवख्या हातांचा आणखी एक धोका आहे. गाजराचे कोवळे रोप आणि तण यांतला फरक न कळल्याने उत्साही माणूस तासाभरात अख्खा वाफा साफ करतो आणि गवत तेवढे शिल्लक राहते. त्याला रागावून उपयोग नाही. दोष त्याला न दाखवता कामाला लावणाऱ्याचा आहे.

संयोजकाने काय करावे?

शेतावरच्या संयोजकाचे काम गर्दी जमवण्याचे नसून मुकादमाचे आहे. फरक इतकाच की त्याच्या हाताखालचा माणूस पगारासाठी आलेला नाही, म्हणून त्याला अदबीने वागवावे लागते. अशा कामातून निघालेले काही नियम येथे देत आहोत.

१. कामाची यादी आदल्या दिवशी करावी. कोणते काम, किती माणसे, किती वेळ, कोणती अवजारे, हे फळ्यावर लिहावे. पावसात बसून करण्याची कामे, जसे बियांच्या पुड्या भरणे किंवा अवजारांना धार लावणे, वेगळी लिहून ठेवावीत.

२. दर पाच-सहा नवख्यांमागे एक जाणता असावा. त्याने काम स्वतः करून दाखवावे, मग करू द्यावे.

३. रोजची कामे कायम माणसांना वाटून द्यावीत. पाण्यासाठी सात माणसे, प्रत्येकाचा वार ठरलेला. ज्याला जमणार नाही त्याने आदल्या रात्री कळवावे आणि बदली माणसाचे नाव आधीच ठरलेले असावे.

४. सर्वांना वाकून काम जमत नाही. वृद्धांना रोपे वेगळी करणे, भाजी निवडणे, वजनाची नोंद ठेवणे द्यावे. मुलांना मोठी बिया असलेली पिके, उदाहरणार्थ घेवडा, लावायला द्यावीत.

५. मातीची परीक्षा आधी करावी. जुन्या घरांच्या रंगात शिसे असे. घर पाडले तरी ते मातीत राहते आणि मुलांना त्याचा विषबाधेचा धोका असतो. म्हणून संशयास्पद जागी बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचे उंच वाफे करावेत आणि प्रत्येकाने काम संपताच हात धुवावेत.

६. जाताना प्रत्येकाला आजचे वजन सांगावे. “आज चाळीस किलो पालेभाजी निघाली, उद्या दुपारी ती ताटात असेल,” हे एक वाक्य माणसाला पुढच्या आठवड्यात परत आणते.

शेत आणि चूल

शेतावर ढीगभर भाजी निघाली म्हणजे भूक भागली असे होत नाही. तोडलेली पालेभाजी उन्हात दोन तासांत मान टाकते. म्हणून तोडणी पहाटेची, लगेच पाण्यात बुडवणे, सावलीत ठेवणे आणि त्याच दिवशी स्वयंपाकघरात पोहोचवणे ही साखळी हवी. आचाऱ्याला न सांगता मुळ्याचे दहा क्रेट दारात नेऊन ठेवले तर ते त्याच्यावर ओझेच होते. चिरायला माणसे नाहीत, भांडी नाहीत, आणि शेवटी माल कचऱ्यात. संयोजकाने आठवड्याच्या सुरुवातीलाच आचाऱ्याला विचारावे: किती लागेल, काय लागेल, आणि चिरायला किती हात पाठवू? स्वयंसेवकांचा एक भाग शेताऐवजी चुलीपाशी लावला तर भाजी वाया जात नाही.

काय लावायचे हेही खाणाऱ्याला विचारून ठरवावे. डेट्रॉईटच्या पोटातच हॅमट्रॅमिक नावाचे स्वतंत्र छोटे शहर आहे. त्याच्या आसपास राहणाऱ्या बांगलादेशी कुटुंबांच्या परसात उन्हाळ्यात दुधी-भोपळ्याचे मांडव दिसतात. अशा वस्तीसाठी दुसऱ्याच कोणाच्या आवडीची भाजी लावून ती कोणी नेत नाही म्हणून कपाळाला हात लावण्यात अर्थ नाही.

देणारे कोण, घेणारे कोण?

अर्थवर्क्सच्या चालकांना काही वर्षांनी एक गोष्ट खुपू लागली. शेतात राबायला येणारे पुष्कळसे उपनगरांतले, खाऊनपिऊन सुखी, बहुतांशी गोरे लोक होते. शेजारी जेवायला बसणारे वस्तीतले, बहुतांशी कृष्णवर्णीय. एकाचा हात सदैव वर, दुसऱ्याचा सदैव खाली. ही भिंत नकळत त्यांच्या सेवेनेच उभी केली होती. मग त्यांनी वस्तीतल्या लोकांना सल्लामसलतीत घेतले आणि शेतीचे प्रशिक्षण सुरू केले. जे कालपर्यंत रांगेत होते त्यांच्यापैकीही काही जण वाफ्यांवर आले. याच शहरात २००६ मध्ये कृष्णवर्णीयांनी स्वतःची अन्नसुरक्षा संघटना काढली. मलिक याकिनी यांच्या पुढाकाराने रूज पार्कमध्ये ‘डी-टाऊन’ शेत उभे राहिले. आमच्या भुकेचा बंदोबस्त आम्हीच करू, हा त्यामागचा विचार.

संयोजनाच्या दृष्टीनेही यात फायदा आहे. उपनगरातला माणूस मोटारीने महिन्यातून एकदा येतो, वस्तीतला पायी रोज येऊ शकतो. मंगळवारच्या पाण्याचा प्रश्न रांगेतलाच माणूस सोडवू शकतो. मात्र त्याला जेवणाच्या बदल्यात राबवू नये. ताट बिनशर्त असावे आणि काम खुशीचे.

हिशेबाची वही

अमेरिकेत स्वयंसेवी तासांची अंदाजी किंमत दरवर्षी काढली जाते. २०२३ सालासाठी ती तासाला ३३.४९ डॉलर धरली गेली. या हिशेबाने वर सांगितलेले वाया गेलेले पंधरा तास पाचशे डॉलरचे होतात. आपण रुपयांत वस्तीतल्या रोजंदारीचा दर धरला तरी चालेल. मुद्दा असा की तास ही जमेची रक्कम आहे, ती वहीत आलीच पाहिजे. एका बाजूला कोण किती तास आला, दुसऱ्या बाजूला किती किलो माल निघाला आणि किती ताटांत गेला.

शक्य असेल तेथे एक संयोजक पगारी ठेवावा. “खिदमतीत पगार कसला?” असा सवाल होईल. पण पन्नास जणांचे तास एका पगारामुळे वाचत असतील तर तो पगार उधळपट्टी नव्हे. मात्र आटोपशीर असावे. मिलवॉकी शहरात विल ॲलन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली ‘ग्रोइंग पॉवर’ ही शहरी शेतीची संस्था जगभर गाजली, ॲलन यांना २००८ मध्ये मॅकआर्थर फेलोशिपही मिळाली. तरी कर्जाच्या ओझ्याखाली २०१७ मध्ये ती बंद पडली. नाव मोठे झाले म्हणून वही आपोआप जुळत नाही.

आपल्याकडेही शिस्तीचे उदाहरण आहे. औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) हारून मुकाती इस्लामिक सेंटरने डिसेंबर २०१५ मध्ये ‘रोटी बँक’ सुरू केली. सभासदाने अर्ज भरायचा, आपला क्रमांक घ्यायचा आणि किमान दोन ताज्या रोट्या व सालन किंवा भाजी आणून द्यायची. अर्ज आणि क्रमांक या दोन साध्या गोष्टींनी मनात आलेल्या सदक्याला पत्ता मिळाला.

मुसलमानाने लावलेल्या रोपाचे फळ माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या खात्यात सदका ठरते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. आपल्या मदरशांच्या आवारात, शाळांच्या मागे, गच्च्यांवर जागा आहे. माणसेही आहेत. त्यांनी दिलेला प्रत्येक तास ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. जी संस्था पैशाची पावती फाडते, तिने तासांचीही पावती फाडावी. सुरुवात मोठी नको. सहा वाफे, सात वारांचे पाणी देणारे सात जण, एक वही आणि एक वजनकाटा पुरे. पहिल्या हंगामाच्या शेवटी ती वही वस्तीसमोर वाचून दाखवा. पुढच्या हंगामाची माणसे तेथेच उभी राहतील, इन्शाअल्लाह.