शंभर किलोमीटर आणि चौदा दिवस

सोलापूर ते विजापूर हे अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. एस.टी.त बसले की अडीच-तीन तासांत माणूस पोचतो. २०२० साली हेच अंतर परतताना कापायला आम्हा उभयतांना दोन महिने लागले.

१२ मार्चला आम्ही विजापूरला मेव्हणीकडे गेलो. गोलघुमट पाहावा, चार दिवस गप्पा माराव्यात आणि पाडव्याच्या आत घरी यावे, एवढाच बेत. १७ तारखेपासून देशभरची संरक्षित स्मारके बंद झाली, तरी आम्ही हललो नाही. ‘आठवडाभरात निवळेल,’ असे मीच म्हणालो. मग जनता कर्फ्यू लागला, रेल्वे थांबली आणि २५ मार्चला, नेमक्या पाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. इकडे घरी ऐंशी ओलांडलेली अम्मा धाकट्या भावाच्या हवाली.

२९ एप्रिलला केंद्र सरकारने अडकलेले मजूर, यात्रेकरू, विद्यार्थी आणि पर्यटक यांना घरी जाण्याची मुभा दिली. पण जिथून निघायचे आणि जिथे जायचे त्या दोन्ही राज्यांची संमती हवी. निघताना तपासणी, पोचल्यावर तपासणी आणि नंतर चौदा दिवस घरातच. अर्ज भाच्याने भरला. डॉक्टरांच्या दाखल्यासाठी मी तीन तास रांगेत उभा राहिलो. १३ मे रोजी भाड्याच्या मोटारीतून आम्ही दोघे निघालो.

वाटेत भीमा नदी हीच दोन राज्यांची सीमा. पुलाच्या अलीकडे कागद पाहिले, पलीकडेही पाहिले. एका नाक्यावर माझे नाव वाचून कर्मचाऱ्याने मान वर केली. कुठे गेला होता, कोणाला भेटला, हे त्याने तीनदा विचारले. आमच्या पुढच्या गाडीला एकदाच विचारले होते. त्या दिवसांत आमच्यासारख्या नावांभोवती संशय कसा घोटाळत होता, हे श्रोत्यांना आठवत असेल. रमजान चालू होता, रोज्याने घसा कोरडा पडलेला. खोकल्याची उबळ आली आणि मी ती तशीच गिळली.

घरी पोचल्यावर दोघांच्या डाव्या हातावर शिक्का बसला. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात तसलीच, सहज न पुसणारी शाई. चौकातली बाहेरची खोली आमची झाली.

आजारी नसलेल्या माणसाला कोंडून का ठेवायचे, हा प्रश्न त्या खोलीत मलाही पडला. उत्तर जुने आहे. आजच्या डुब्रोवनिक शहराने, तेव्हाच्या रागुसाने, १३७७ साली प्लेगच्या भीतीने बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबवले. पुढे तिसाचे चाळीस झाले, आणि चाळीस या इटालियन शब्दावरूनच ‘क्वारंटाइन’ आला. करोनासाठी चौदा दिवस ठरले, त्याला कारण होते. लागण झाल्यावर लक्षणे बहुधा पाच-सहा दिवसांत दिसतात. पण चौदा दिवसही लागू शकतात. तोवर माणूस धडधाकट दिसतो आणि दुसऱ्याला आजार देऊ शकतो. साथ असलेल्या मुलखात जाऊ नका आणि तिथे असाल तर बाहेर पडू नका, ही शिकवण आमच्या हदीसमध्येही आहे. म्हणजे ही शिक्षा नव्हे. ‘मी कदाचित आजारी असेन’ असे मानून वागण्याची ती जबाबदारी आहे.

मात्र ती माणसाने मनापासून घ्यावी, तर त्याचा मान राखला पाहिजे. २०२० मध्ये सरकारने वापरलेला साथरोग कायदा १८९७ चा. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या वेळी गोरे सोल्जर घराघरांत घुसले, तेव्हा लोक रोगी लपवू लागले. अपमान झाला की माणूस आजार लपवतो. नाक्यावर खोकला गिळताना मीही तेच केले होते.

आमच्या गल्लीत आशाताई रोज यायच्या. शेजारच्या मास्तरांचा मुलगा मुंबईहून आला होता, त्याच्याही हातावर शिक्का. ताप आहे का, खोकला आहे का, धाप लागते का, हेच प्रश्न त्या आधी त्याला विचारायच्या आणि मग मला, त्याच आवाजात. तिसऱ्या दिवशी मी आपणहून सांगितले, ‘ताई, घसा खवखवतोय.’ त्यांनी वहीत लिहून घेतले, गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या आणि संध्याकाळी पुन्हा चौकशीला आल्या. दोन दिवसांत घसा बरा झाला.

२५ मेला ईद आली, तेव्हा आमचे दोन दिवस बाकी होते. ईदगाह बंद, मशीद बंद. पत्नीच्या हातावर मेंदीच्या जागी तो शिक्का. अम्मा काठी टेकत चौकात आली. शिरखुर्म्याची वाटी तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि चार पावले मागे सरून उभी राहिली.

‘अम्मा, ईद मुबारक,’ मी म्हणालो. ‘गळाभेट परवा.’

‘परवा,’ अम्मा म्हणाली, ‘आधी खा, गार होतंय.’

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)