गाडी तापवण्याचा जुना प्रघात

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. अशा वेळी पेढीवर निघण्यापूर्वी मोटार पाच-दहा मिनिटे जागीच सुरू ठेवण्याचा प्रघात अनेक घरांत आजही आढळतो. प्रीमियर पद्मिनी किंवा १९८३ साली आलेली मारुती ८०० यांच्या काळात तो योग्यच होता. थंडीत पेट्रोलची पुरेशी वाफ होत नसे. म्हणून चोक ओढून कार्बोरेटरमधील मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागे.

आजच्या गाड्यांत इंधनाची मात्रा इंजिनाचे तापमान पाहून आपोआप ठरते. अर्ध्या मिनिटात तेल सर्वत्र पोहोचते. पुढे पहिले दोन-तीन किलोमीटर संथ गतीने गेल्यास इंजिन लवकर तापते. जागीच सुरू राहिलेले इंजिन मात्र सावकाश तापते आणि तोवर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन काढते. म्हणजे इंधनाचा खर्च वाया जातो आणि वर यंत्राची झीजही होते.

त्याहून गंभीर धोका बंद गॅरेजचा आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो, वासही नसतो. तो नकळत प्राणावर बेततो. म्हणून गॅरेजचे दार आधी पूर्ण उघडावे आणि गाडी सुरू होताच मोकळ्या जागी आणावी. घरातील चालकालाही हे समजावून सांगावे.