बॉस्टनचा बर्फ मुंबईत आला कसा?

12 मे 1833 रोजी बॉस्टनच्या बंदरातून ‘टस्कनी’ नावाचं जहाज निघालं. पोटात 180 टन बर्फ, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, आणि मुक्काम थेट कलकत्ता. माल धाडणारा फ्रेडरिक ट्यूडर. 1806 मध्ये त्याने मार्टिनिक बेटावर बर्फ पाठवला होता, तेव्हा बॉस्टनकरांनी त्याला वेड्यात काढलं होतं. या वेळी चार महिन्यांनी जहाज कलकत्त्याला लागलं, तर जवळपास 100 टन बर्फ शाबूत! पुढच्याच वर्षी हा माल मुंबईतही उतरला आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढलं.

बर्फ टिकला तो भुशामुळे, असं सांगितलं जातं. लाकडाच्या भुशात अडकलेली हवा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, हे खरंच. पण पूर्ण अडवत नाही. चार महिन्यांत भरपूर उष्णता आत झिरपलीच असणार. मग तिने केलं काय?

याचं उत्तर 72 वर्षं आधी ग्लासगोत मिळालं होतं. 1761 च्या हिवाळ्यात जोसेफ ब्लॅक याने काचेचे दोन सारखे गोल चंबू घेतले. एकात जवळजवळ गोठणबिंदूला आणलेलं पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा बर्फ. दोन्ही एका मोठ्या दालनात टांगले आणि तो वाट पाहत बसला. पाणी 33 वरून 40 अंश फॅरनहाइटवर यायला अर्धा तास लागला. बर्फ वितळून 40 अंशांवर यायला साडेदहा तास! म्हणजे एकवीस अर्धे तास. दर अर्ध्या तासाला 7 अंशांची उष्णता धरली, तर 147 अंश होतात. त्यातले पाणी झाल्यावर चढलेले 8 अंश वजा केले की उरतात 139. एवढी उष्णता बर्फाने गिळली आणि तापमापकाला पत्ताही लागला नाही. आजचा आकडा 144 आहे. दोन चंबू आणि एक घड्याळ एवढ्या भांडवलावर हे उत्तर काढणाऱ्याला दाद द्यायलाच हवी.

पाठ्यपुस्तकातला ‘अप्रकट उष्मा’ तो हाच. बर्फातले रेणू एकमेकांना ठरावीक जागी जखडून असतात. शून्य अंश सेल्सिअसवर आत येणारी सगळी उष्णता ही पकड सैल करण्यातच खर्ची पडते, तापमान तसूभरही वाढत नाही. एक ग्रॅम बर्फाचं पाणी करायला 80 कॅलरी लागतात. तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. भुसा उष्णतेची वाट अरुंद करत होता आणि आत शिरलेल्या उष्णतेला बर्फ असा जबर भाव मोजायला लावत होता.

हा बर्फ मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतला. नॅथॅनिएल वायथ याने घोडा जुंपून बर्फ कापायचं अवजार बनवलं, त्यामुळे चौकोनी लाद्या निघू लागल्या. लादीला लादी भिडली की फटी कमी, हवेचा शिरकाव कमी, वितळणंही कमी.

तळं मुळात वरूनच का गोठतं? पाणी 4 अंशांपर्यंत गार होताना जड होऊन खाली बसतं, खालचं वर येतं. 4 अंशांच्या खाली गार झालेलं पाणी मात्र हलकं होऊन वरच राहतं आणि तिथेच गोठतं. पाण्याचं हे वागणं दाखवणारं दहावीच्या पुस्तकातलं उपकरण ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो होप हा ब्लॅकचाच शिष्य. एकदा वर साय धरली की बर्फच खालच्या पाण्याचं पांघरूण बनतो. गोठताना सुटणाऱ्या 80 कॅलरी या थरातूनच बाहेर पडाव्या लागतात, आणि थर जाड होईल तशी ती वाट लांबत जाते. 1891 मध्ये योझेफ श्टेफान याने गणित मांडलं: जाडी दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो.

पुढे बर्फाची यंत्रं आली आणि हा व्यापार बुडाला. त्याचं माप मात्र आपल्या घराघरांत आहे. अमेरिकी टनभर, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळवायला जितकी उष्णता लागते, तितकी त्याच वेळात बाहेर काढणारा एसी ‘एक टना’चा. दुकानदार दीड टनाचा एसी सुचवतो, तेव्हा तो दिवसाला सुमारे 1360 किलो बर्फाइतका गारवा विकत असतो.