जुन्या संगणकावर स्वरलिपीचा नवा डाव

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. 'विंडोज ११'ला आवश्यक असलेली सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर नसलेले असंख्य संगणक त्यामुळे एकाएकी 'जुने' ठरले. त्यांचा पडदा, कळफलक सारे शाबूत असते. तरीही ते माळ्यावर जातात किंवा भंगारात. ज्या घरात संगीताची साधना चालते, त्या घराने मात्र असा संगणक टाकण्यापूर्वी थोडे थांबावे. ध्वनिमुद्रणाला ताकदवान यंत्र लागत असेल, पण स्वरलेखन हे मुळात लेखन आहे. लिनक्स ही मुक्त प्रणाली आणि तिच्यावर चालणारी विनामूल्य सॉफ्टवेअर यांच्या साह्याने दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणकही हे काम उत्तम करू शकतो.

प्रश्न केवळ पैशांच्या बचतीचा नाही. १९८८ साली आलेले 'फिनाले' हे स्वरलेखनाचे व्यावसायिक सॉफ्टवेअर जगभरातील संगीतकार वर्षानुवर्षे वापरत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने त्याचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले आणि आयुष्यभराचे काम ज्या फायलींत साठवले, त्या पुढे उघडायच्या कशा, ही चिंता अनेकांपुढे उभी राहिली. आपली स्वरलिपी एखाद्या कंपनीच्या कुलुपात ठेवायची की कोणालाही वाचता येईल अशा स्वरूपात, हा खरा प्रश्न आहे.

आधी यंत्राची पारख

प्रथम संगणकाचा प्रोसेसर ६४ बिटचा आहे की ३२ बिटचा, हे पाहावे. ६४ बिटचा प्रोसेसर आणि चार जीबी रॅम असल्यास 'लिनक्स मिंट'ची एक्सएफसीई आवृत्ती सुखाने चालते. दोनच जीबी असेल तर 'लुबुंटू'सारखी हलकी आवृत्ती निवडावी. ३२ बिटच्या यंत्रांना आता मोजकेच पर्याय उरले आहेत. 'डेबियन'नेही २०२५ मधील तेराव्या आवृत्तीपासून अशा संगणकांसाठीची स्थापना-सोय काढून घेतली. त्यांच्यासाठी 'अँटिएक्स २३' उपयोगी पडते. शक्य असल्यास जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवावी. एवढ्या एका खर्चाने यंत्राचा वेग लक्षणीय वाढतो.

निवडलेली प्रणाली पेनड्राइव्हवर उतरवून संगणक त्यावरूनच सुरू करता येतो. हार्ड डिस्कला हात न लावता पडदा, आवाज, वाय-फाय नीट चालतात का, हे अशा रीतीने तपासून घ्यावे. समाधान झाले की मगच कायमची स्थापना करावी. मात्र त्याआधी सर्व फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. स्थापनेत डिस्क पुसली गेली तर त्या परत मिळणे कठीण.

लिहिण्याच्या दोन वाटा

पाच रेषांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीसाठी दोन साधने प्रमुख आहेत. 'म्यूझस्कोअर'मध्ये माउसने स्वर रेषांवर ठेवता येतात आणि लगेच ऐकताही येतात. नवशिक्याला हे सोपे जाते. पण त्याची चौथी आवृत्ती जुन्या यंत्राला जड जाते. तिथे तिसरीच बरी.

दुसरे साधन 'लिलीपाँड'. हान-वेन निएनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच संगीतप्रेमींनी १९९६ मध्ये ते सुरू केले. संगणकाने छापलेली स्वरपत्रे त्यांना निर्जीव वाटत. हाताने कोरलेल्या जुन्या छपाईचे सौंदर्य त्यांना हवे होते. येथे चित्र काढायचे नसून मजकूर लिहायचा असतो. सी म्हणजे षड्ज मानला, तर भूपाचा आरोह रोमन लिपीतील सी, डी, ई, जी, ए आणि वरचा सी ही अक्षरे महिरपी कंसात लिहून तयार होतो. अक्षरापुढे वरच्या बाजूस छोटी उभी रेघ दिली की स्वर एक सप्तक चढतो, स्वल्पविराम दिला की उतरतो. भातखंडे पद्धतीत स्वराच्या वर किंवा खाली टिंब देतात, त्याचीच येथे आठवण व्हावी. डच नावांच्या प्रथेनुसार तीव्र मध्यम 'फिस' होतो, तर कोमल ऋषभ 'देस'. पुढे चारचा आकडा लिहिला की पाव स्वर, दोनचा लिहिला की अर्धा. सोबत 'फ्रेस्कोबाल्दी' हे संपादक-सॉफ्टवेअर घेतल्यास डावीकडे मजकूर आणि उजवीकडे तयार पान दिसते.

येथे बहुतेकांना एक अडचण येते. लिलीपाँड ऐकण्यासाठी मिडी फाइल बनवते, पण ती वाजवणारे सॉफ्टवेअर प्रणालीत आधीपासून असेलच असे नाही. 'फ्लुइडसिंथ' आणि एखादा ध्वनिसंच स्वतंत्रपणे घेतला की ही अडचण सुटते.

भातखंडे स्वरलिपीसाठी

देवनागरीतील बंदिशींसाठी लिलीपाँड मुळात बनलेले नाही. तेथे 'लिब्रेऑफिस'मधील तक्ता अधिक उपयोगी. त्रितालाच्या सोळा मात्रांचे सोळा रकाने आखावेत. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या मात्रेखाली अनुक्रमे समेची फुली, दोन, शून्य आणि तीन या खुणा द्याव्यात. कोमल स्वराला अधोरेखन पुरते. टिंबांसाठी आणि तीव्र मध्यमावरील उभ्या रेघेसाठी युनिकोडमधील जोडचिन्हे वापरता येतात. ती आपल्या फाँटमध्ये नीट बसतात का, हे मात्र एका ओळीवर आधी पाहून घ्यावे.

जतन कसे करावे

प्रत्येक रचनेची किमान दोन रूपे ठेवावीत. एक पीडीएफ, वाचण्या-छापण्यासाठी. दुसरे मूळ, पुन्हा दुरुस्त करता येईल असे. लिलीपाँडची मूळ फाइल साधा मजकूर असल्याने ती कोणत्याही संपादकात उघडते. म्यूझस्कोअर वापरणाऱ्यांनी 'म्यूझिक-एक्सएमएल' या खुल्या स्वरूपातही एक प्रत काढावी; अनेक सॉफ्टवेअर ती वाचू शकतात.

गुरूंकडून मिळालेल्या बंदिशींच्या वह्या, वाद्यवृंदासाठी हाताने लिहिलेली स्वरपत्रे आज अनेक घरांत आहेत. कागद पिवळा पडतो, शाई उडते. रोज एक पान उतरवायचे ठरवले, तर तीनशे पानांची वही वर्षाच्या आत पुरी होते. त्यासाठी नवा संगणक घेण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. माळ्यावरचा जुना पुरेसा आहे.