एकच वाद्य, दोन आवाज

ध्वनीचा धडा शिकवताना आपण सांगतो, की सनई आणि बासरी एकाच स्वरात वाजल्या तरी वेगळ्या ओळखू येतात, कारण त्यांच्या ध्वनीचा 'गुण' वेगळा असतो. मुलं ते लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात. पण दोघांच्या हाती एकाच जातीचं वाद्य असेल तर? मग ते सारखेच ऐकू यायला हवेत. तसं होत नाही. का होत नाही, हे कानांनी तपासायचं तर आम्ही एक जुनी जाझ रेकॉर्ड लावतो.

'टेनर मॅडनेस' हे तिचं नाव. २४ मे १९५६ रोजी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी ती मुद्रित झाली. स्टुडिओ म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाच्या आईवडिलांचा दिवाणखाना! रेकॉर्ड सॉनी रोलिन्सची, वय २५. पियानो, बास आणि ड्रम वाजवणारे तिघं माइल्स डेव्हिसच्या संचातले. त्याच संचातला २९ वर्षांचा जॉन कोल्ट्रेन एका रचनेपुरता त्यांच्यात बसला. दोघांचंही वाद्य टेनर सॅक्सोफोन. या दोघांचं एकत्र वादन मुद्रित झालेलं एवढंच माहीत आहे, जेमतेम बारा मिनिटांचं.

रचना साधी आहे. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंड; म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. ते फिरत राहतं आणि वादक त्यावर आयत्या वेळी सुचेल ते रचतो. तालाच्या आवर्तनाची सवय असलेल्या आपल्या कानांना हे अवघड नाही. धून संपली की आधी कोल्ट्रेन, मग रोलिन्स.

कोल्ट्रेनचा आवाज धारदार, ताणलेला. स्वरांची नुसती झुंबड. रोलिन्सचा आवाज गोल, जाडसर. तो एखादा छोटा तुकडा घेतो, उलटसुलट करून पाहतो, मध्येच थांबतो. एका वर्गात हे ऐकवलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "पहिल्याला घाई आहे, दुसऱ्याला गंमत सुचतेय." याहून नेमकं आम्हालाही सांगता आलं नसतं.

आता 'गुणा'कडे वळू. अडॉल्फ सॅक्सनं १८४६ साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलेलं हे वाद्य पितळेचं असलं, तरी आवाज निघतो तो वेताच्या पातळ पत्तीच्या कंपनातून. नळी शंकूसारखी रुंदावत जाते. त्यामुळे सेकंदाला २२० कंपनांचा स्वर वाजला, की त्याबरोबर ४४०, ६६०, ८८० अशी सगळ्या पटींतली कंपनंही उमटतात. वरच्या पटी जोरकस असतील तर आवाज धारदार, मंद असतील तर गोल. हे प्रमाण पत्तीच्या ताठरपणावर, तोंडात धरायच्या भागाच्या आतल्या आकारावर आणि ओठांच्या दाबावर ठरतं. म्हणजे जात एकच असली, तरी प्रत्येक वादक स्वतःच्या वाद्याचा एक भाग असतो! २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांच्या तोंडातली अनुनादाची मोजणी केली. अतिउंच स्वर काढताना कसलेले वादक जीभ आणि घसा हलवून तोंडातली पोकळीच त्या स्वराशी जुळवतात, नवख्यांना ते साधत नाही, असं दिसलं.

पण एवढ्यानं भागत नाही. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निरनिराळ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांचा सुरुवातीचा क्षणभर भाग कापून ते ऐकवले, तर जाणकारांनाही वाद्य ओळखताना गोंधळायला झालं. म्हणजे स्वर कसा लागतो, यातही ओळख दडलेली आहे. फळ्यावर काढलेल्या तरंगाच्या आकृतीत ही सुरुवात नसते. आणि कोल्ट्रेनची घाई, रोलिन्सचं थांबणं, हे तर एका स्वरात सापडणारच नाही. त्यासाठी चार-सहा खंड ऐकावे लागतात. पाठ्यपुस्तकातली व्याख्या चूक नाही, अपुरी आहे.

वर्गात करून पाहा. शेवटाकडे दोघं चार-चार खंडांचे तुकडे आळीपाळीनं वाजवतात, सवाल-जवाबासारखे. मुलांना डोळे मिटायला सांगा; कोल्ट्रेन वाटला तर डावा हात वर, रोलिन्स वाटला तर उजवा. आधीच्या सलग वादनांत बहुतेक मुलं बरोबर असतात. इथं मात्र दोघं एकमेकांचं ऐकून वाजवतात, एकाची लकब दुसऱ्यात उतरते आणि हात डगमगू लागतात. आमचेही डगमगतात.